हयातीची फेरी

धरण भरत आलं की आमच्या पेठेत पाण्याच्या आधी आवाज येतो. नदीपात्राच्या बाजूने एक गाडी फिरते, टपावर कर्णा, आणि त्या कर्ण्यातून कुणीतरी अगदी शांतपणे सांगत असतं की धरणातून पाणी सोडण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. सांगणारा दिसत नाही. गाडीही बहुतेक वेळा दिसत नाही, ती इमारतींच्या पलीकडे कुठेतरी असते. नुसता आवाज गल्लीबोळांतून वळत वळत येतो, खिडकीशी घटकाभर थांबतो आणि पुढे निघून जातो. पुणेकर त्याला अजिबात भीक घालत नाहीत. "दर वर्षी ओरडतात," असं म्हणून छत्री घेऊन पुलावर पाणी बघायला जातात, येताना कणसं खात येतात. मी मात्र उठून मोरीची जाळी बघून येते. यंदाही बघितली.

मी नारायण पेठेत एका लहानशा संस्थेत नोंदींचं काम बघते. घशाच्या कर्करोगात ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागतं, त्यांच्यासाठी ही संस्था आहे. ऑपरेशननंतर ही माणसं गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेतात, आणि त्यांचा स्वतःचा आवाज कायमचा जातो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच आम्ही त्यांना बोलावतो, मागच्या खोलीत बसवतो आणि त्यांचा आवाज भरून घेतो. त्यातली रोज लागणारी वाक्यं मग एका पेटीत घालून देतो. पेटीला बटणं असतात. बटण दाबलं की ते वाक्य त्यांच्याच आवाजात बोललं जातं. पूर्वी हे सगळं कॅसेटवर व्हायचं, आता संगणकावर होतं. काम ऐकायला पुण्याचं वाटतं, आणि आहेही. फक्त ते करणाऱ्याला आयुष्यभर घरातल्या प्रत्येक आवाजाकडे जरा निराळ्या कानाने ऐकायची सवय लागते, हे नोकरीच्या वेळी कुणी सांगत नाही.

आपला आवाज उद्यापासून असणार नाही, तेव्हा काय काय बोलून ठेवायचं, असं विचारलं तर माणसं काय सांगतील? मला सुरुवातीला वाटायचं, मोठं काहीतरी सांगतील. तसं कुणी करत नाही. "कुकरच्या शिट्ट्या मोज." "दाराला कडी घाल." "अहो, चष्मा डोक्यावरच आहे." एका वकीलसाहेबांनी निवडक शिव्या भरून घेतल्या आणि त्यांचं बटण बायकोच्या हाताशी येणार नाही ना, याची दोनदा खात्री करून घेतली. भिंतींना गाद्या लावलेली ती खोली, वर जुना पंखा. त्याच्या पात्याला काहीतरी लागायचं आणि सतत टिक, टिक असा आवाज यायचा. बंद केला तर पेशंटला घाम फुटायचा, म्हणून तो चालूच ठेवायचो. त्यामुळे आमच्याकडच्या प्रत्येक जुन्या आवाजामागे तो पंखा आहे. आणि प्रत्येक वाक्याच्या आधी मी आहे, तरुण आवाजातली, "आता म्हणा," असं सांगणारी.

ज्या पावसाळ्याबद्दल मी सांगणार आहे, त्याच्या तीन-चार वर्षं आधी एका उन्हाळ्यात हिंजवडीतल्या एका कंपनीने आम्हांला नोंदींच्या सुरक्षेसाठी मदत देऊ केली आणि सल्ला द्यायला एक मुलगी पाठवली. गोड मुलगी. तिने एकच प्रश्न विचारला, "मॅडम, समजा उद्या हे ऑफिसच नाहीये. फुल वॉशआउट. तर परवा काम चालू करायला तुम्हांला मिनिमम काय लागेल?" अशा नोंदींना अत्यावश्यक नोंदी म्हणायचं, त्या आधी ओळखायच्या, त्यांची दुसरी प्रत लांब ठेवायची, आणि संकट आलं की बाकी सगळं सोडून त्या उचलायच्या, असं तिने समजावलं. दुसरी प्रत सध्या कुठे आहे, असं तिने विचारलं तेव्हा आमचे चिटणीस साठेकाका म्हणाले, "शेजारच्या कपाटात." तिला ते विनोद करताहेत असं वाटलं. ते विनोद करत नव्हते.

साठेकाका बँकेतून निवृत्त होऊन आमच्याकडे आले. सरळ माणूस, पण बोलणं असं की समोरच्याने आपण जन्माला आल्याबद्दल माफी मागावी. त्यांची यादी संस्थेची घटना, नोंदणीपत्र, हिशेब तपासणीचे अहवाल अशी सुरू झाली. मी म्हटलं, कागद पुन्हा मिळतात, आवाज मिळत नाहीत. ते त्यांना पटलं. पण सगळ्या कॅसेटा एकदम संगणकावर उतरवणं शक्य नव्हतं. यंत्र एकच, आणि तासाभराची कॅसेट उतरवायला तासभर बसावंच लागतं. मग क्रम ठरला. जे पेशंट हयात आहेत त्यांचे आवाज अत्यावश्यक, त्यांच्या डब्यांवर लाल टिकली, ते वरच्या फळीवर. त्यांच्या कॅसेटा आधी उतरवायच्या आणि पाणी आलं तर आधी उचलायच्या. जे गेले त्यांच्या डब्यांवर काही नाही, ते खालच्या फळीवर. कुंकू लावण्याचा आणि पुसण्याचाच हा प्रकार आहे, असं माझ्या मनात आलं, पण समितीच्या बैठकीत असलं बोलत नाहीत.

आता हयात कोण आहे हे कसं कळणार? पेन्शनवाल्यांना जसा दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तसं काहीतरी हवं होतं. म्हणून दर वर्षी धरण भरायच्या आधी सगळ्यांना फोन करायचे, असं ठरलं. त्याला आम्ही हयातीची फेरी म्हणायला लागलो. आणि इथे आम्ही एक असा घोळ घातला, जो फक्त आमच्याच संस्थेला घालता आला असता. ज्यांना आवाज नाही त्यांना आम्ही फोन करत होतो, आणि फोनवर ती माणसं पेटीचं बटण दाबून उत्तर देत होती. म्हणजे माणूस जिवंत आहे का, याची साक्ष आम्ही त्याच्या भरून ठेवलेल्या आवाजाकडून घेत होतो. हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. साठेकाकांच्याही नाही, आणि ते तर वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल रेघ मारतात.

ते फोन मला आवडायचे नाहीत. दुपारी पेठ झोपलेली असते, दुकानांची दारं ओढलेली, आभाळ भरून आलेलं आणि खोलीत दिवा लावावा की नाही अशा उजेडात मी नंबर फिरवत बसायची. पलीकडे कुणीतरी उचलायचं. मग काहीच नाही. मग फूस, फूस असा गळ्यातल्या छिद्रातून येणारा श्वास. मग बटणाचा खटका, आणि एकदम ठणठणीत, न म्हातारा झालेला आवाज, "बोला, कोण?" आजोबा ऐंशीला टेकलेले असायचे आणि आवाज साठीतच थांबलेला. त्यामागे टिक, टिक. लोकांच्या घरातून मला माझ्याच ऑफिसातला, केव्हाच भंगारात गेलेला पंखा ऐकू यायचा.

कुसुमताई वानखेडे वर्ध्याकडच्या. नवरा स्वारगेटजवळच्या एका गॅरेजात इंजिनाचं काम करायचा, त्यासाठी दोघं तरुणपणी इकडे आली आणि इथलीच झाली. मूलबाळ नाही. कुसुमताईंचं बोलणं शेवटपर्यंत तिकडचं राहिलं. त्या "आहे" म्हणायच्या नाहीत, "आहो" म्हणायच्या, आणि "जाते", "सांगते" ऐवजी "जातो", "सांगतो". दर वर्षी मी फोन केला की खटका व्हायचा आणि आवाज यायचा, "आहो मी. बोला ना जी." बोलून झाल्यावर एक बारीकसा खोकला. तोही भरलेलाच. मी ख्यालीखुशाली विचारायची, पलीकडून "हो," "नाही," "बरं हाय," असे खटके व्हायचे आणि मी यादीत खूण करायची.

त्या वर्षीही तसंच झालं. "आहो मी. बोला ना जी." खोकला. मी म्हटलं, पावसाळा आलाय, जपून राहा. "बरं हाय." आणि मग पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. सर्दी झाल्यावर ओढतात तसं, किंवा रडू आवरताना.

मी फोन ठेवला. गळ्यातून श्वास घेणाऱ्या माणसाला नाक ओढता येत नाही. त्यांच्या नाकातून वारा जातच नाही, गजऱ्याचा वाससुद्धा त्यांना धड घेता येत नाही, हे आम्ही प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना पहिल्या दिवशी सांगतो. म्हणजे बोलल्या कुसुमताई, आणि बटण दाबणारं माणूस दुसरंच होतं. आधीच्या वर्षी मी तो फूस असा श्वास ऐकला होता का, हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवेना. पंखा मात्र स्पष्ट आठवत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. स्वारगेटच्या मागच्या बाजूला, एका जिन्याच्या टोकाला त्यांची खोली. वानखेड्यांनी दार उघडलं, मला बघितलं आणि मान खाली घातली. भिंतीवर कुसुमताईंचा फोटो, त्याला चंदनाचा हार. खूप दिवस झाले असावेत, हाराचा रंग उडाला होता.

"बसा ना जी ताई," ते म्हणाले. मग स्वतःहूनच म्हणाले, "मी खोटं नाही बोललो. मी तं बोललोच नाही. थेच बोलली."

मी बसले. पेटी गॅसच्या ओट्यावर होती, मसाल्याच्या डब्याशेजारी, तिच्या रोजच्या जागी. त्यांनी चहाचं भांडं ठेवलं आणि जाता जाता, लाइटचं बटण दाबावं तितक्या सहज, पेटीचं बटण दाबलं. "चहा टाका," कुसुमताई म्हणाल्या. त्यांनी चहा टाकला. साखर घालायच्या आधी आणखी एक बटण दाबलं. "तुमाले एकच चमचा." त्यांनी एकच चमचा घातला. दिवसभर त्यांचं असंच चालायचं. दिवेलागणीला दिवा, जेवायच्या वेळी जेवण, सगळं तिने सांगितलं की ते करायचे. मी चहा प्यायले, आणि खरं सांगते, त्या बाईने सांगितलेला तो चहा पिताना मी दोनदा मागे वळून बघितलं. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. घर लख्ख होतं, भांडी घासलेली होती. माणूस तेवढं एकच कमी होतं, आणि ते कमी आहे हे घराला अजून कुणी कळवलेलं नव्हतं.

"सांगाचं होतं तुमाले," ते म्हणाले. "पण ऑफिसात म्हणे मेलेल्याचं खाली ठेवतात. मंग काहून सांगू?"

त्यांची अडचण सरळ होती. बटणं झिजत चालली होती. "जेवून घ्या" चार वेळा दाबल्यावर एकदा लागायचं, तेही "जेवू" वरच थांबायचं. त्या जातीच्या पेट्या बनवणारे केव्हाच धंदा बंद करून बसले होते, उघडायला गेलं तर आतलं पुसलं जाण्याची भीती. आमच्याकडच्या कॅसेटवरून नवी पेटी भरून मिळाली, तरच तो आवाज पुढे राहणार होता. आणि कॅसेट उतरवायचा नंबर हयात माणसांचा आधी. मी पर्स उघडून मोबाइल काढला, म्हटलं पेटीत आहे तेवढं निदान यात घेऊ. त्यांनी पेटीवर हात ठेवला.

"नको. दोन दोन ठिकाणी कशी राहीन थे?"

"अहो, कॅसेट आमच्याकडे आहेच की. म्हणजे आत्ताही दोन ठिकाणी आहेतच त्या."

"तुमच्याकडं तिचं माहेर हाय," ते म्हणाले. "थे येगळं. मोबाइलमंदी काय, कोणीबी राह्यते."

दुसरी प्रत लांब ठेवा, असं ती हिंजवडीची मुलगी सांगून गेली होती. एखादी गोष्ट खरोखर मोलाची असेल, तर तिची दुसरी प्रत सहन होत नाही असंही एक माणूस असू शकतं, हे तिच्या तक्त्यात बसलं नसतं. माझ्याही बसलं नाही. पण मला ते कळलं. आमच्या मोमीनपुऱ्यातल्या घरात अम्मीची एक साडी अजून खुंटीला आहे. धुवायला काढा असं कुणी म्हटलं की आम्ही बहिणी एकमेकींकडे बघतो आणि विषय बदलतो.

मी साठेकाकांना सगळं सांगितलं. यादीत खोटी खूण ठेवणं मला जमलं नसतं असं नाही, पण एक खोटी निघाली की बाकीच्या खुणांवरचाही माझा विश्वास उडाला असता. म्हटलं, बाई गेली आहे, तरी टिकली राहू द्या.

"शमीमबाई," ते म्हणाले, "ही यादी हयात लोकांची आहे."

"ज्यांना आवाज लागतो त्यांची आहे. वानखेड्यांना लागतो."

"त्यांना ऐकायला लागतो. कोथरूडच्या त्या मास्तरांना बोलायला लागतो. त्यांची पेटी बंद पडल्ये, पाडव्यापासून घरात मुके बसलेत. त्यांना मी काय सांगू? थांबा, आधी एक मयत उरकतो?"

त्यांचं चुकत नव्हतं. मास्तरांच्या मुलीचा फोन मीच घेतला होता. साठेकाकांनी नखाने ती लाल टिकली अलगद उचलली, अगदी कडेकडेने, डब्याचा कागद फाटू नये म्हणून. "पाऊस सरला की बघू," ते म्हणाले. वाईट बोलले असते तर मी भांडले असते. डबा खालच्या फळीवर गेला. वानखेड्यांना मी कळवलं की पाऊस सरला की नक्की करू. ते म्हणाले, "बरं."

पाऊस सरला नाही. श्रावणात एका आठवड्यात धरणं तुडुंब झाली आणि सकाळी ऑफिस उघडतानाच कर्णा ऐकू आला. त्या दिवशी तो पुढे निघून जात नव्हता. एकच वाक्य पुन्हा पुन्हा, त्याच शांतपणे. आम्ही दाराशी वाळूच्या पिशव्या लावल्या आणि पाणी दारातून आलंच नाही. ते मोरीतून आलं. आधी जाळीतून बुडबुडे, मग एक काळी, गप्प गोलाई फरशीवर पसरत गेली. आवाज नव्हता. इतकं पाणी इतक्या गुपचूप आत येतं हे ज्याने पाहिलं नाही, त्याला ते सांगून कळत नाही.

तालीम झालेली होती, त्यामुळे गोंधळ झाला नाही. लाल टिकलीचे डबे हातोहात जिन्यावर गेले. मास्तरांचा डबा मी स्वतः नेला. परत खाली आले तोवर पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं होतं आणि साठेकाका खोलीच्या दारात दोन्ही हात आडवे धरून उभे होते.

"मीटर पाण्यात आहे. आत जायचं नाही."

"खालच्या फळीवरचे..."

"शमीमबाई, तुम्ही हयात आहात. मला तुमची फेरी करायची नाहीये."

आम्ही जिन्यात बसून राहिलो. आतल्या खोलीत खालच्या फळीवरचे प्लास्टिकचे डबे पाण्यावर तरंगायला लागले असावेत, कारण ते एकमेकांना लागत होते, टक, टक, टक. मध्येच थांबायचे आणि मग पुन्हा लागायचे. बाहेर कर्ण्यातला माणूस सतर्क राहायला सांगत होता. साठेकाका भिंतीकडे बघत होते.

चिखल उपसून झाल्यावर कॅसेटा स्वच्छ पाण्यातून काढल्या. कुणीतरी सांगितलं होतं की फिती सावलीत वाळवल्या तर काही वाचतात. साठेकाका सगळ्या घरी घेऊन गेले आणि सदाशिव पेठेतल्या आपल्या बाल्कनीत दोरीवर त्यांनी त्या फिती वाळत घातल्या, तपकिरी, लांबच लांब. शेजाऱ्यांनी विचारलं, काय वाळत घातलंय? "पेशंट," ते म्हणाले. काही आवाज खरंच वाचले. कुसुमताईंची फीत आम्ही दोघांनी मिळून लावली. आधी नुसती खरखर. मग खोल विहिरीतून यावं तसं "एक... दोन...", सातापर्यंत, मग ते आकडेही विरघळले. आणि मग एकदम, अगदी स्वच्छ, शेजारी बसल्यासारखी मी. "आता म्हणा." त्यापुढे ती बोलली असणार. तिथे काहीच नव्हतं. पंखासुद्धा नव्हता.

साठेकाकांनी यंत्र बंद केलं आणि चष्मा पुसत राहिले.

वानखेड्यांना सांगायला मीच गेले. ते रागावतील अशी माझी तयारी होती, रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "म्हंजे माहेर बुडालं तिचं." मग पेटीवरून फडका फिरवला आणि म्हणाले की आता जपून वापरीन. त्या दिवशी त्यांनी चहा तिला न विचारता टाकला. किती साखर घालायची ते त्यांना आठवेना. डबा हातात धरून ते तसेच उभे राहिले. मला ते बघवलं नाही.

याला आता तीनेक वर्षं झाली. उरलेलं सगळं संगणकावर गेलं आहे आणि दुसरी प्रत हिंजवडीतल्या कुठल्याशा इमारतीत ठेवली आहे. तिथपर्यंत पोचायला आम्हांलाच इतका वेळ लागतो की पूर नक्कीच पोचणार नाही. हयातीची फेरी आता घरी जाऊन करतात किंवा व्हिडिओवर. तरी दर वर्षी मी वानखेड्यांना एक फोन करत असे, यादीबाहेरचा. ते स्वतःच्या आवाजात बोलायचे. रविवारी एकदा "चहा टाका" ऐकतो, म्हणायचे, आता "चहा टा" एवढंच येतं. बाकीची बटणं बहुतेक गेली होती. ते हे हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगायचे. मी नंबर अजून त्यांच्या बायकोच्याच नावाने ठेवला होता. बदलायला हात झाला नाही, दुसरं काही नाही.

यंदा कर्णा फिरून गेला त्याच दुपारी मी टेबलाशी बसले होते आणि फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, कुसुम वानखेडे. मी उचलला. पलीकडे कुणी बोलेना. घरघरता, अडखळता श्वास, नाकातूनच येणारा. मग खटका, आणि कुसुमताई बोलल्या. अर्धवट नाही, झिजलेलं नाही, काल भरल्यासारखं कोरं करकरीत.

"यायले बरं नाही वाटून राहिलं. लवकर या जी."

आणि मागे टिक, टिक, टिक.

मी ते वाक्य एकदाच ऐकलं होतं, त्या गाद्यांच्या खोलीत. कुसुमताईंनी नवऱ्याला काहीतरी आणायला बाहेर पाठवलं आणि मला म्हणाल्या होत्या की एक बटण यांच्यासाठी ठेवा, माझ्या अंगात आवाज नसताना घरात यांना काही झालं तर मी कुणाला हाक कशी मारू? तेव्हा आम्ही दोघी थोड्या हसलो होतो, आजारी कोण आणि काळजी कुणाची म्हणून. ते बटण त्यांना कधी दाबावं लागलं नाही. त्यांच्यामागे वानखेड्यांनीही दाबलं नाही, असलं वाक्य कोण हौसेने ऐकणार? सगळी बटणं वापरून झिजली आणि ते एक तसंच्या तसं राहिलं.

फोनवर मी "आले" म्हटलं. कुणाला म्हटलं ते माहीत नाही. रुग्णवाहिका बोलावली, रिक्षा पकडली. रिक्षावाल्याला मी बहुतेक ओरडलेच असेन, कारण त्याने एकदाही वेगळा रस्ता सुचवला नाही. दार लोटलेलं होतं. वानखेडे ओट्याला टेकून जमिनीवर बसले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला. डाव्या हाताचा अंगठा अजून पेटीवर होता. बोलायला गेले तर नुसता आवाज आला, शब्द आला नाही. मी शेजारी बसले आणि त्यांना म्हटलं की मला कळलं, कुसुमताईंनी सांगितलं मला.

पेटी बरोबर घेऊनच आम्ही हॉस्पिटलात पोचलो. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. जीव वाचला, चालतीलही कदाचित, बोलणं परत येईल की नाही ते सांगता येत नाही. साठेकाका संध्याकाळी आले. त्यांनी काही विचारलं नाही. खिशातून एक पाकीट काढलं, त्यातून एक लाल टिकली काढली आणि पेटीच्या कडेला दाबून लावली. नीट चिकटली आहे ना, ते दोनदा बघितलं आणि गेले.

नंतर वॉर्डातली नर्स कागद घेऊन आली. तरुण पोर होती, घाईत होती. वानखेड्यांकडे न बघताच तिने मला विचारलं, "आजी, पेशंट बोलतात का?"

मी तोंड उघडायच्या आत वानखेड्यांनी डावा हात चादरीवरून सरकवत पेटीशी नेला. एक बटण दाबलं, ते लागलं नाही. दुसरं दाबलं, खरखर झाली. तिसऱ्यावर अंगठा जोर लावून धरून ठेवला.

"दम धरा ना जी," कुसुमताई म्हणाल्या, "सांगतो."

नर्सने मान वळवून दाराकडे बघितलं, कोण बाई आली ते. दारात कुणी नव्हतं.

"हेच बोलले," मी तिला म्हटलं. "लिहा, पेशंट बोलतात."